गार्ड कुठे आहे?

माझा उजवा खांदा गेला, त्या वर्षी मी हायड्रॉलिक प्रेस शोधायला लागलो. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत सरकवायचा आणि मग चांगला, हे मला माझ्या बायकोने शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला शर्ट घालायला नव्याने शिकावं लागतं हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

खांद्याचा आणि प्रेसचा संबंध सांगायला हवा. मला शोभेची दारू करायचा नाद आहे. उडवायचा नाही, करायचा. उडवून झालं की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि मी पुढच्या वेळी काय बदलायचं याचा विचार करत घरी येतो. मुख्यतः भुईनळे करतो, क्वचित एखादा बाण. पुठ्ठ्याच्या जाड नळीत मिश्रण थोडं थोडं घालायचं आणि प्रत्येक थर ठासून बसवायचा. हे ठासण्याचं काम मी इतकी वर्षं लाकडी हातोड्याने करत आलो. एका भुईनळ्याला किती ठोके लागतात ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं, खांद्याने मात्र ते मोजून ठेवले असावेत.

कोणी म्हणेल, हातोडा सोडून दे, भुईनळे सोडून दे. बऱ्याच जणांनी म्हटलंही. आमची मुलगी शिकागोजवळ असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट टेक अप गार्डनिंग." मी हो म्हणालो. मुलांना हो म्हटलं की फोन लवकर संपतो.

सोडवत नाही याचं कारण साधं आहे. मी दिवसभर कॉम्प्युटरवर जे काम करतो ते कुठे जातं हे मला दिसत नाही. वर्ष-दीड वर्ष एखादं सॉफ्टवेअर उभं करावं आणि एका सकाळी मीटिंगमध्ये कळावं की प्रोजेक्ट कॅन्सल केलं. कोणी ओरडत नाही, कोणाला वाईटही वाटत नाही. सगळे कॅमेरा बंद करून दुसऱ्या मीटिंगला जातात. भुईनळा अर्धं मिनिट जळतो, पण तेवढा वेळ तो समोर दिसतो, आणि तो मी केलेला असतो. या देशात इतकी वर्षं राबून मला माझं म्हणून दाखवता येईल असं तेवढंच आहे. हे मी बायकोला कधी नीट सांगू शकलो नाही.

आणि तिला सांगायला हवं होतं, कारण किंमत तिने मोजली होती. हा उद्योग इथे चोरूनमारून करावा लागत नाही. परवाना मिळतो, चौकशी होते, कोणीतरी येऊन जागा तपासून जातं. पण घरांना घरं लागलेल्या वस्तीत ते शक्य नाही. आम्ही कॅरी नावाच्या शहरात राहायचो. खाली उतरलं की चार मराठी घरं, संध्याकाळी तळ्याभोवती फिरायला बायकांची टोळी, पाच मिनिटांवर कढीपत्ता. ते सोडून आम्ही दक्षिणेला बरंच लांब, झाडीत, दोन-अडीच एकराच्या जागेत आलो. शेजारी घोडे आहेत. माणसंही आहेत म्हणतात, पण दिसतात घोडेच. मी सगळ्यांना सांगितलं की मुलगी शिकागोकडे गेली, आता निवांत जागा हवी. बायकोने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त पहिल्या रविवारी घोड्यांकडे बघत म्हणाली, "तुझ्या फटाक्यांसाठी मी कॅरी सोडलं. लक्षात ठेव."

शेड बांधून चार वर्षं झाली, तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. भांडण नव्हतं. आम्ही भांडायला फार दमलेलो असतो. ती एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, सकाळी अंधारात निघते, आता लांबून निघते म्हणून आणखी अंधारात. मी तिच्यामागून निघतो. संध्याकाळी जो आधी येतो तो कुकर लावतो. शनिवारी मी शेडमध्ये जातो आणि ती घरात राहते. मला वाटायचं, एकदा तरी तिने यावं, बघावं, हवं तर नाक मुरडावं. पण बोलवायचं धैर्य होत नव्हतं, आणि न बोलावता ती येणाऱ्यांतली नाही.

तर प्रेस. दुखऱ्या खांद्यावर उपाय म्हणून आमच्या दारूकाम करणाऱ्यांच्या क्लबातल्या लोकांनी तो सुचवला. आमच्या क्लबात निवृत्त माणसं जास्त. सगळ्यात जुना एक दंतवैद्य आहे, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे दात उपटले आणि आता शांतपणे नळे भरतो. प्रेसमध्ये हातोडा नाही, ठोके नाहीत. जॅकचा दांडा वरखाली करायचा की लोखंडी दट्ट्या सावकाश उतरतो आणि थर दाबतो. ऐकूनच माझ्या खांद्याला बरं वाटलं.

मी इंटरनेटवर बघायला लागलो आणि आठवडाभरात माझं डोकं उठलं. सहा टन, बारा टन, वीस टन. टेबलावर बसणारे, जमिनीवर उभे राहणारे. मोटारीचे बेअरिंग काढायला केलेले स्वस्त प्रेस आणि आमच्यासारख्या नादिष्टांसाठी कोणीतरी गॅरेजमध्ये बनवलेले महाग प्रेस. त्याखाली लोकांनी लिहिलेल्या शेकडो प्रतिक्रिया, निम्मे म्हणणार याच्याइतका चांगला दुसरा नाही, निम्मे म्हणणार पैसे पाण्यात गेले. लग्नासाठी मुली बघताना मी इतका घोळ घातला नव्हता.

माझा एक नागपूरचा मित्र आहे, कॅरीतला, आमच्या जुन्या घराच्या भिंतीपलीकडचा. त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"वीस टनाचा घेऊन टाक ना बे. बारा अन् वीसमधे फरक किती? थोडासाच. मग बाराचा काऊन घेतो?"

"मला वीस टन लागत नाहीत रे. बारासुद्धा लागत नाहीत."

"लागत नाई तर काय झालं यार? असू दे. घरी असलेलं बरं."

हे मला आतून पटलं, हे कबूल करतो. आपल्याकडे मोठा प्रेशर कुकर, मोठा फ्रिज, मोठी गाडी, सगळं याच न्यायाने येतं. दोन माणसांच्या घरात आमच्याकडे सव्वीस जणांचा भात होईल असं पातेलं आहे. मी वीस टनाचा प्रेस कार्टमध्ये टाकला. दंतवैद्याला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, तू टन विकत घेऊ नकोस. किती दाब पडतोय ते दाखवणारं गेज विकत घे, बाकीचं लोखंड त्याच्याबरोबर येईल. जास्त दाबलं तर नळी फुटते, आणि नळी फुटताना तू समोर असतोस.

मी तरी कार्ट रिकामी केली नाही. एका बुधवारी जेवण झाल्यावर ऑर्डर द्यायची म्हणून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. बायको मागून डबे घेऊन फ्रिजकडे चालली होती. ती थांबली. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "गार्ड कुठे आहे?"

चार वर्षांत माझ्या नादाबद्दल तिने विचारलेला तो पहिला प्रश्न.

"कसला गार्ड?"

"अरे, हा दट्ट्या खाली येणार. खाली तुझं ते स्फोटक. मध्ये काय?"

"स्फोटक नाही गं, शोभेचं..."

"मध्ये काय?"

"मध्ये काही नाही."

तिने डबे टेबलावर ठेवले. "आमच्याकडे गोळ्या दाबायचं मशीन आहे. साध्या तापाच्या गोळ्या. दाबून दाबून काय होणार आहे त्यांना? पण त्याचं दार बोटभर उघडलं तरी मशीन बंद पडतं. आपोआप. ऑपरेटर कितीही हुशार असला तरी. तुझ्याकडे दार उघडलं तर बंद करणारं काय आहे?"

"माझ्याकडे मी आहे."

"तेच तर," ती म्हणाली आणि डबे घेऊन फ्रिजकडे गेली.

मला राग आला. मी काय लहान आहे का, इतकी वर्षं बोटं शाबूत ठेवलीत, वगैरे सगळं मनात म्हणून झालं. मग मी कार्ट रिकामी केली. रागावलो असलो तरी ती बरोबर होती, आणि ती बरोबर असते तेव्हा बोलून काही फायदा होत नाही हा माझा जुना अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, चहा केला आणि कपाच्या बाजूला एक कोरा कागद ठेवून बसली. चष्मा लावला. "दाखव काय काय आहे ते." त्यानंतर काही संध्याकाळी आम्ही तेवढंच केलं. दोघेही दमलेले, तिला मध्येच जांभया येत होत्या, एकदा तर ती चष्म्यासकट डुलकी काढून उठली आणि म्हणाली, "हा नको, याचं गेज मागच्या बाजूला आहे, बघायला तू वाकशील." दंतवैद्याने जे मला सांगितलं होतं तेच तिने वेगळ्या शब्दांत सांगितलं. तिने आकृती काढली. पुढे जाड पारदर्शक आडोसा, मध्ये खिडकी नको, फट नको. आणि मग म्हणाली, "आपण दाब देणारा पंप भिंतीच्या बाहेर ठेवू. पंपाची नळी लांब घेऊ. दाबायचं ते बाहेरून, आरशातून गेज बघत."

'आपण' म्हणाली. मी काही बोललो नाही, उगीच भानावर यायची. पण त्या रात्री खांदा दुखत असूनही मला लगेच झोप लागली.

शेवटी घेतला तो लहान प्रेस, वीस टनांच्या जवळपासही नसलेला, दोन राज्यं पलीकडच्या एका माणसाने बनवलेला, वेगळ्या पंपाचा आणि चांगल्या गेजचा. नागपूरकराला फोटो पाठवला तर म्हणाला, "एवढासाच?" पण ट्रकवाला पेटी फाटकाशी टाकून गेला तेव्हा ती ओढायला तोच आला. आम्ही दोघं ढकलत, थांबत, एकमेकांच्या पाठीला शिव्या देत ती शेडपर्यंत नेली. बायको घरामागच्या लाकडी डेकवर उभी राहून बघत होती. पाणी आणून दिलं, तेही डेकच्या पायरीपर्यंतच. आडोसा तिने सांगितला तसा बसवला, पंप भिंतीबाहेर छपराखाली लावला. रिकाम्या नळीत ओली माती भरून दाबून बघितली. काम सुरेख होत होतं. मी घरात येऊन तिला म्हटलं, "बघायला येतेस?" ती म्हणाली, "बघू."

त्या वर्षी दसरा शनिवारी आला, म्हणून आम्हाला तो दसऱ्याच्याच दिवशी करता आला. नाहीतर इथे दसरा सोयीने येतो. तिने पूजा मांडली. देवघर आमचं स्वयंपाकघराच्या कपाटात आहे. त्यावरच स्मोक अलार्म आहे, त्यामुळे उदबत्ती लावली की मी स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालतो, आता डाव्या हाताने. दोन्ही गाड्या, दोन्ही लॅपटॉप, मिक्सर, तिचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू वाहायचं आणि ओवाळायचं, हे दर वर्षीचं. स्टुलावरून उतरताना मी सहज चेष्टेने म्हटलं, "माझ्या प्रेसचा पण पहिलाच दसरा आहे हो. एखादं फूल टाका त्याला." ती वाती करत होती. मी कपडे बदलून शेडवर गेलो.

प्रेसवर पहिला खरा भुईनळा त्या दिवशी करायचा असं मी ठरवलं होतं. दाराशी सगळं आवरलं, फोन बाहेर ठेवला, मिश्रणाचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. ऑक्टोबरचं कोरडं, स्वच्छ ऊन पडलं होतं. हवेशीर असावं म्हणून दार सताड उघडं होतं. मी सहज वर बघितलं.

ती गवतातून येत होती. हिरवी, जरीची साडी नेसली होती, जी ती कॅरी सोडल्यापासून नेसली नव्हती. एका हातात ताम्हन, त्यात हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि आपट्याची म्हणून आमच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं. दुसरा तळहात तिने आडवा धरला होता, वारा लागू नये म्हणून. त्या तळहाताआड तुपाचं निरांजन पेटलेलं होतं. शेजारी उदबत्ती. ती खाली बघत, ज्योत सांभाळत, सावकाश माझ्या शेडकडे येत होती, चार वर्षांत पहिल्यांदा.

"थांब!" मी ओरडलो. "तिथेच थांब! मागे हो! मागे हो म्हणतो ना! डोकं फिरलंय का तुझं?"

माझा असा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. पलीकडचे घोडे पळाले. ती रेडबडखाली थबकली. ताम्हन हलून माळ गवतात पडली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग निरांजनाकडे, मग माझ्यामागे उघड्या डब्याकडे. ती वळली आणि ज्योतीवरचा हात न काढता घरी गेली.

मी डबा बंद केला, नीट जागेवर ठेवला, टेबल पुसलं, दार लावलं. हे सगळं सवयीने झालं. मग पायवाटेने निघालो तर गवतात माळ दिसली. उचलली. लहान होती, इतकी लहान की गाडीला पुरली नसती. माझ्या लक्षात आलं की ती प्रेसच्या वरच्या दांड्याच्या मापाची होती. प्रेस तिने पाहिला नव्हता. माप आकृतीवरून घेतलं होतं.

मी डेकच्या पायरीवर येऊन बसलो. मला रडू येत होतं आणि खूप थकायलाही झालं होतं, दोन्ही एकदम. इतकी वर्षं वाट बघायची आणि ती आली की तिला कुत्र्यासारखं हाकलून द्यायचं. आणि बोलावलं होतं मीच. पूजेला दिवा लागतो हे मला ठाऊक नव्हतं का? आपल्या घरात एक आणि शेडमध्ये दुसरंच डोकं घेऊन मी वावरत होतो, आणि त्या दोन डोक्यांची गाठ कधी पडली नव्हती. आता ती परत येणार नाही, शेडमध्येही नाही आणि त्या टेबलाशीही नाही, असंच मी धरून चाललो. कपडे बदलले, हात धुतले आणि घरात गेलो.

ताम्हन ओट्यावर होतं. निरांजन तसंच जळत होतं, पूजेचा दिवा ती विझवत नाही. ती स्टुलावर बसून श्रीखंडात वेलची कुटून घालत होती. मी माळ ओट्यावर ठेवली.

"चुकलो," मी म्हटलं. "तू चालली होतीस आणि डबा उघडा होता आणि..."

"दिसला मला."

"असं ओरडायला नको होतं."

तिने वाटी बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं. चेहरा दमलेला होता, पण रागावलेला नव्हता.

"अरे, मी ज्या मशीनबरोबर काम करते ना, ते कोण आलंय ते बघत नाही. प्लांटचा मालक आला तरी दार उघडलं की बंद. म्हणून मी त्याच्याजवळ बिनधास्त उभी राहते." तिने बोटांवरची वेलची झटकली. "इतकी वर्षं मला भीती होती, की मी किंवा पोर तिथे आलो तर तू आमच्याकडे बघून हसशील, ये म्हणशील, आणि हातातलं विसरशील. तू विसरला नाहीस. माझ्यासाठीसुद्धा नाही."

मी ओट्यावरची माळ सरळ केली.

"गार्ड चालतो म्हणजे," ती म्हणाली. "आता हात पुढे कर. तो नाही, दुखरा."

मी उजवा हात जमेल तेवढा पुढे केला. तिने त्याच्यावर हळद लावली, कुंकू लावलं, प्रेसच्या मापाची माळ मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि निरांजनाने हाताला ओवाळलं. वर अलार्म बोंबलायला लागला. मी स्टूल घ्यायला वळलो तर तिने मला बसवलं आणि साडी खोचून स्वतःच वर्तमानपत्र घेऊन चढली.

"उद्या येते," ती वरून म्हणाली. "दिव्याशिवाय. आणि पंप मी मारणार, तुझ्या खांद्याला जमायचं नाही ते."